तबेल्यात ठेवलेलं कोंबडीखाद्य: अलिबागजवळच्या एका वाडीतला प्रकरण अभ्यास

अलिबागच्या उत्तरेला वरसोली ते थळ या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या अजून बऱ्यापैकी शिल्लक आहेत. तिथल्या एका वाडीत एक घोडा, एक घोडी, अठ्ठावीस कोंबड्या आणि चार कोंबडे असं गोकुळ नांदतं. मी पशुवैद्य आहे. २०१७ पासून या घरची जनावरं मीच बघते. जुलै २०२४ मध्ये इथली घोडी मरता मरता वाचली, पण कामातून गेली. तिला काय झालं हे मला पहिल्या दोन तासांतच कळलं होतं. का झालं, हे कळायला मात्र घराची खर्चाची वही उघडावी लागली. घरच्यांच्या संमतीने ते सगळं इथे मांडते आहे. माणसांची नावं देत नाही, जनावरांची आहेत ती बदललेली आहेत.

घरात काका, काकी आणि त्यांचा पंचविशीतला मुलगा. काका बग्गी हाकतात. बग्गीला बादल, पांढरा, खच्ची केलेला घोडा. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करण्याचा निकाल उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये दिला, त्यानंतर वर्षभरात तो इकडे आला. तेव्हा दातांवरून तो सातेक वर्षांचा होता. मुलगा खोगीर घालून राणीवर किनाऱ्यावर फेऱ्या मारून आणायचा. राणी तांबडी, अंगाने लहान, कानांची टोकं आत वळलेली, म्हणजे रक्तात कुठेतरी काठियावाडी किंवा मारवाडी असणार. काकी कोंबड्या बघतात, आणि वहीही त्याच लिहितात. वही म्हणजे शाळेची दोनशे पानी, पुठ्ठ्याला नारळाच्या तेलाचे डाग, एका बाजूने 'घोडं' आणि उलटी करून दुसऱ्या बाजूने 'कोंबड्या'. मधली पानं कोरी. या दोन बाजू एकमेकींना कधी भेटत नाहीत, असा काकांचा आणि मुलाचा समज होता. माझाही होता.

घोड्याची बाजू

इथला धंदा घड्याळावर नाही, तिथीवर चालतो. अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात बग्गी जाते ती ओहोटीला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे काकांचं तोंडपाठ गणित: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पडते, पाणी लांब हटतं आणि लोक चालतच किल्ल्यात जातात. अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही मंद. पाणी पुरतं हटत नाही, चालायला लोक कचरतात आणि बग्गीला गिऱ्हाईक वाढतं. पण तीच ओहोटी येते ऐन दुपारी. म्हणजे घोड्याला सगळ्यात जास्त काम लागतं ते सगळ्यात वाईट वेळेला.

ओझ्याच्या जनावरांबद्दलचे केंद्राचे १९६५ चे नियम सांगतात की दिवसाला नऊ तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून जास्त काम घ्यायचं नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जनावर जुंपायचंच नाही. गाडीत हाकणारा आणि सहा वर्षांखालची मुलं सोडून चारच माणसं. काका हे पाळतात, आणि पाळण्याची किंमत मोजतात. शेजारच्या बग्गीत सहा जण चढताना दिसतात तेव्हा आपलं गिऱ्हाईक सोडून देणं सोपं नसतं.

राणीचं वजन मी २०१९ मध्ये टेप लावून काढलं होतं. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, अंगाच्या लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं. घेर १५४, लांबी १४५. उत्तर आलं २९० किलो. घोड्यावर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार देऊ नये, असा साधारण दंडक आहे. म्हणजे ५८ किलो, त्यात खोगीर आठ. उरले पन्नास. त्या दिवसापासून मुलाने मोठं माणूस राणीवर बसवलं नाही, फक्त मुलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते बेफिकीर माणसांच्या घरात झालेलं नाही.

आता वही. जून २०२३ ते मे २०२४ या वर्षाचे आकडे आम्ही दोघींनी बसून काढले.

हंगामात, म्हणजे ऑक्टोबर ते मे, दोघांच्या चंदीला (म्हणजे दाण्याला) आणि वैरणीला महिन्याला सुमारे ११,५०० रुपये. घाटावरून येणारा कडबा, डोंगरातलं वाळकं गवत, भिजवलेले चणे, गव्हाचा कोंडा, थोडा गूळ, मीठ. भाताचा पेंढा घरचा आहे, पण तो घोड्याला नुसता भरवला तर पोटात गच्च बसतो, म्हणून काका तो अंथरायलाच वापरतात. पावसाळ्यातले चार महिने चंदी जवळजवळ बंद आणि बांधावरचं हिरवं गवत स्वतः कापून आणलेलं, त्यामुळे महिन्याला ८,०००. वर्षाचा खुराक १,२४,००० रुपये. नालबंदाला ८,२००, कारण पावसाळ्यात नाल काढून टापा फक्त तासून घेतात. जंताचं औषध, धनुर्वाताची लस आणि माझ्या फेऱ्या मिळून ९,०००. बग्गीची चाकं, पट्टे, बकला यांना १४,००० गेले. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, आणि गंजलेल्या बकलाने तंगाखाली, म्हणजे पोटाच्या पट्ट्याखाली, कातडी सोलली तर घोडा आठ दिवस घरी बसतो. तबेल्याच्या छपराला ६,०००. एकूण १,६१,२००.

उत्पन्न २,५८,०००. त्यात बग्गीचे १,४५,००० आणि राणीच्या फेऱ्यांचे १,१३,०००. शिल्लक ९६,८००.

दोन माणसांच्या वर्षभराच्या राबण्याला हे कमीच आहे. पण खरी मेख वर्षाच्या बेरजेत नाही, महिन्यांत आहे. जून ते सप्टेंबर उत्पन्नाच्या रकान्यात काहीच नाही. समुद्र खवळलेला, किनारा ओस, आणि दोन जनावरं रोज खाणार. त्या चार महिन्यांचा नुसता खुराक ३२,०००. मे महिन्यात हातात आलेला पैसा तोवर घरदुरुस्ती, लग्नसराई आणि शेतीच्या कामात गेलेला असतो. मग हे बत्तीस हजार येतात कुठून? काका म्हणाले, "होतं कसंतरी." काकी काही बोलल्या नाहीत. त्यांनी वही उलटी केली.

कोंबड्यांची बाजू

काकींच्या कोंबड्या गावठी. एक कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, त्याहून नाही. विकत घेतलेल्या सुधारित जातीच्या याच्या दुप्पट देतात, पण त्यांना खुडूक बसायची फारशी ओढ नसते, घार आली तर त्या आभाळाकडे बघत उभ्या राहतात आणि अलिबागच्या खानावळींना हवी असते ती गावठीच. काकींनी एकदा दहा आणून पाहिल्या, मुंगसाने आठवड्यात चार नेल्या.

त्या वर्षी चारशे अंडी खुडूक कोंबड्यांखाली ठेवली. २८० पिल्लं निघाली. घार, मुंगूस, कावळे, दोनदा नाग आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) एक साथ यांतून ११० मोठी झाली. वीस घरात ठेवली, नव्वद विकली. सरासरी ५५० रुपयांप्रमाणे ४९,५००. अकराशे अंडी बारा रुपयांनी १३,२००. मिळून ६२,७००. खर्चात तांदळाच्या कण्या, कोंडा आणि पेंड २०,४४०, पिल्लांचं खाद्य ६,६००, औषधं-लसी १,८००, खुराड्याची जाळी २,५००. कॅल्शियम फुकट, कारण तिसऱ्यांच्या आणि कालवांच्या शिंपल्या काकी पाट्यावर ठेचून घालतात. सुकटीचा चुराही घालतात, पण विक्रीच्या आधी महिनाभर बंद करतात, नाहीतर मटणाला वास मारतो. एकूण खर्च ३१,३४०. शिल्लक ३१,३६०.

मी ते दोन आकडे एकमेकांशेजारी लिहिले. घोड्यांचा पावसाळी खुराक ३२,०००, कोंबड्यांची वर्षाची शिल्लक ३१,३६०. काकी माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. त्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. घोड्यांनी घराला हंगामात पोसायचं आणि पावसाळ्यात घोड्यांना कोंबड्यांनी पोसायचं, असा तो हिशेब होता, आणि तो कुणीही मोठ्याने बोलून दाखवलेला नव्हता.

त्याहून मला जास्त कौतुक वाटलं ते वेळेच्या नेमाचं. काकी डिसेंबरच्या शेवटी अंडी ठेवायला लागतात. एकवीस दिवसांनी, संक्रांतीच्या आसपास, पिल्लं निघतात. हवा कोरडी, जमीन कोरडी, ऊन कोवळं. पिल्लं सगळ्यात जास्त जगतात ती याच दिवसांत. गावठी कोंबडा वजनात यायला पाच-सहा महिने घेतो. म्हणजे तो बरोबर आषाढात तयार होतो, आणि आषाढ अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात गावठी कोंबड्याला जो भाव असतो तो वर्षात पुन्हा नसतो. नेमका तोच काळ घोड्यांच्या रिकाम्या खिशाचा. श्रावण लागला की विक्री बंद, मग थेट गौरीला ज्या घरांत तिखटाचा नैवेद्य असतो तिथे मागणी. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता. अधिकात मांसाहार न सोडणारी घरं बरीच, म्हणून काकींची विक्री ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालली. तेव्हा वरचा आकडा नेहमीपेक्षा थोडा चढाच आहे, हेही लक्षात घ्यायला हवं.

घोडे आणि कोंबड्या एका अंगणात असण्याचा फायदाही आहे. लीद पडली की कोंबड्या ती विस्कटतात, त्यातले न पचलेले चणे आणि माश्यांच्या अळ्या वेचतात. विस्कटलेली लीद लवकर वाळते, माश्या कमी होतात. तोटा म्हणजे कोंबड्या रात्री गव्हाणीच्या काठावर बसून तिच्यात घाण करतात आणि त्यांच्या पिसवांचा त्रास घोड्यांना होतो. मी त्या घरात सात वर्षं हेच सांगत आले: गव्हाणीवर फळी टाका, खुराडं लांब न्या, वाळूवर वैरण टाकू नका. किनाऱ्यालगत वाळूवरून खाणाऱ्या घोड्याच्या आतड्यात वाळू साचते. मूठभर लीद काचेच्या बरणीत पाण्यात ढवळून ठेवली की तळाला किती वाळू बसते ते मुलाला मी दाखवलं होतं, तो दर महिन्याला बघायचा. हे सगळं मी सांगितलं. एक गोष्ट सांगायची राहिली.

जुलैची ती पहाट

फोन पहाटे पाचच्या सुमाराला आला. "ताई, राणी कशीतरी करतेय, लवकर या." पाऊस मुसळधार होता. पोहोचले तेव्हा राणी उभी होती, पण मागचे पाय फाकवून, जणू होडीत उभी आहे. मानेवरून, काखांतून घाम निथळत होता. तबेल्यात गारवा होता आणि घोडी घामाने भिजलेली. मधूनच पोटाकडे वळून बघायची. पहिल्यांदा मनात पोटशूळच आला, कारण घोड्याला उलटी करता येत नाही आणि पावसाळ्यात नव्या गवताने पोट बिघडतंच. पण आतड्यांचे आवाज तितके वाईट नव्हते. मग छातीला नळी लावली. धडधाकट घोड्याचं हृदय उभ्या जागी मिनिटाला २८ ते ४४ वेळा पडतं. राणीचं ८४ पडत होतं, आणि ठेका नव्हता. तीन-चार ठोके घाईघाईने, मग रिकामी जागा, मग एक जड ठोका.

कोपऱ्यात पत्र्याच्या पेटीवर एक गोणी आडवी पडली होती. तोंड फाटलेलं, आजूबाजूला बारीक पिवळसर चुरा, आणि तोच चुरा राणीच्या ओठांवरच्या केसांत. गोणीच्या शिवणीत अडकवलेली चिठ्ठी मी टॉर्चच्या उजेडात वाचली. ब्रॉयलर स्टार्टर, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या पिल्लांचं खाद्य. घटकांच्या शेवटी बारीक अक्षरात: मोनेन्सिन.

मोनेन्सिन हे कोंबडीच्या पिल्लांना होणाऱ्या रक्ती हगवणीवर खाद्यातून देतात. कोंबडीला ते मानवतं. तिला मारायला वजनाच्या दर किलोला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. घोड्याला दोन ते तीन मिलिग्रॅम पुरतं. पेशींच्या आत-बाहेर सोडियम-पोटॅशियमची जी राखण असते ती हे औषध मोडतं, आणि त्याचा पहिला घाव बसतो तो हृदयाच्या स्नायूवर. सॅलिनोमायसिन, मदुरामायसिन ही त्याच कुळातली. यांपैकी कशावरही उतारा नाही.

काटा आणून गोणी तोलली. पन्नास किलोची होती, दोन दिवसांपूर्वी उघडलेली, काकींनी किलोभर वापरलेलं. ४४.५ किलो भरली. सांडलेलं वजा केलं तर राणीने चार किलो खाल्लं असावं. अशा खाद्यात किलोला १०० ते १२५ मिलिग्रॅम मोनेन्सिन असतं. म्हणजे पोटात गेलं ४०० ते ५००, आणि २९० किलोच्या घोडीला किलोमागे दीड मिलिग्रॅमच्या आसपास. आणखी दोन-तीन किलो खाल्लं असतं तर मी पोहोचेपर्यंत ती आडवी झाली असती.

नाकातून नळी घालून कोळशाची पूड पाण्यात कालवून दिली, मग पातळ पॅराफिन. शिरेतून सलाईन. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम. हृदयाचा ठोका बिघडला की डिजॉक्सिनकडे हात जातो, पण मोनेन्सिनच्या विषबाधेत तेच जिवावर उठतं, म्हणून ते टाळलं. बाकी औषध एकच, विश्रांती. तिला जागचं हलवायचं नाही, घाबरवायचं नाही. मुलगा सलग दोन रात्री तिच्या मानेवर हात ठेवून उभा होता. वर्दळ नको म्हणून कोंबडेसुद्धा डालग्याखाली झाकले. दुसऱ्या दिवशी लघवी काळपट, कॉफीसारखी आली, स्नायू विरघळल्याची खूण. चौथ्या दिवशी तिने हिरव्या गवताला तोंड लावलं. उपचाराचा खर्च ११,४०० रुपये. विमा उतरवलेला नव्हता.

गोणी तिथे आली कशी

पहिल्या दिवशी सगळ्यांनी दोष राणीच्या दाव्याला दिला. गाठ सुटली, घोडी सुटली, खाल्लं. पण दावं हा साखळीतला शेवटचा दुवा होता. मागे जात गेलो तेव्हा जे सापडलं ते असं.

जूनच्या सुरुवातीला एक कोंबडी वैरणीच्या माळ्यामागे लपून खुडूक बसली. काकींच्या नेमात पावसाळी पिल्लं बसत नाहीत, पण निघालीच होती अकरा, फेकून कशी द्यायची? ओल्या जमिनीवर ती रक्त हगायला लागली. चार गेली. दुकानात नेहमीचं पिल्लांचं खाद्य संपलेलं होतं. दुकानदाराने ब्रॉयलरचं दिलं, "यात औषध असतं, हगवण थांबते" असं सांगून. त्याचं म्हणणं खरं होतं. घरात घोडे आहेत हे त्याला माहीत नव्हतं, आणि कोंबडीचं औषध घोड्याला विष असतं हे बहुतेक त्यालाही माहीत नसावं.

गोणी घरात आणली तर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओल, पडवीत झड. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात घरावरचं छप्पर उडालं होतं, ते नंतर जमेल तसं जोडलेलं. तबेल्याला मात्र त्याच वेळी नवे पत्रे घातले होते, कारण घोडे भिजून चालणार नव्हते. अख्ख्या आवारात सगळ्यात कोरडी जागा तबेला. गोणी तिथे गेली.

आणि राणी? तिला मेपर्यंत रोज किलोभर चणे-कोंडा मिळत होता. जूनला काम बंद, चंदी बंद. काम नसताना चंदी कमी करणं बरोबरच आहे, पण एका दिवसात बंद केली ती पैशासाठी. पाच आठवडे नुसत्या गवतावर असलेल्या घोडीला हाताच्या अंतरावर दळलेल्या मक्याचा वास येत होता. दावं तिने ओढून ओढून सोडवलं होतं, खुंटीवरचे ताजे घासे मला दिसले. बादल दुसऱ्या टोकाला, त्याचे दात झिजलेले. तो पिठूळ खाद्यापेक्षा ओल्या गवतात खूश. म्हणून तो वाचला.

आणि माझा वाटा. मी त्या तबेल्यात पूर्वी दोनदा तरी कोंबडीखाद्याच्या गोण्या पाहिल्या आहेत. त्या साध्या खाद्याच्या होत्या, औषध नसलेल्या. मी त्यांच्याकडे बघून काही बोलले नाही. मोनेन्सिन आणि घोडा हे मी महाविद्यालयात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं. पण तो पाठ मोठ्या कुक्कुटपालनाचा म्हणून डोक्यात बसलेला, आणि माझ्यासमोरचं घर 'थोड्या गावठी कोंबड्या' असलेलं. एक वाक्य सांगायला अर्धा मिनिट लागला असता.

नंतर

आठ आठवडे राणी दाव्यावरून हलली नाही. नोव्हेंबरमध्ये मी तिला मुलाच्या हातात धरून पाच मिनिटं दुडकी चालवायला लावली. उभ्या जागी ठोका अधूनमधून गळणं निरोगी घोड्यातही दिसतं, आणि कामाला लागलं की ते नाहीसं होतं. राणीचं उलटं होतं: उभी असताना ठोका जवळजवळ नीट, दुडकीनंतर गळू लागला, आणि दहा मिनिटांनीही ८८ च्या खाली येईना. याचा अर्थ हृदयाच्या स्नायूत व्रण राहिले आहेत. असं जनावर वर्षानुवर्षं गवत खात जगू शकतं आणि एखाद्या दिवशी ओझ्याखाली उभं कोसळूही शकतं. पाठीवर कुणाचं तरी मूल असताना. मी सांगितलं, खोगीर नाही, बग्गी नाही, शिंगरूही नको, कारण अकरा महिन्यांचा गाभण काळ त्या हृदयाला झेपणार नाही.

काकांनी एकच विचारलं, "त्रास होतोय का तिला?" नुसतं चरायला असेल तर नाही, असं मी म्हणाले.

डिसेंबरमध्ये वरातीचे घोडे ठेवणारा एक जण आला. राणी दिसायला देखणी, त्याने साठ हजार बोलले. काकांनी त्याला सगळं सांगितलं, माझा कागदही दाखवला. तो परत गेला. मुलगा दोन दिवस बोलत नव्हता. काका मला म्हणाले, "ताई, लग्नघरी नवऱ्यामुलासकट पडली तर?"

जून २०२४ ते मे २०२५ चं पान असं: बग्गीचं उत्पन्न १,४५,०००. राणीच्या फेऱ्या शून्य. बादलचा खुराक ६२,०००, राणीचा नुसत्या गवताचा २५,२००, बाकी नाल, औषधं, बग्गी, छप्पर मिळून ३१,९००, आणि तो उपचार ११,४००. शिल्लक ९६,८०० वरून १४,५०० वर आली. जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यात चिरनेरला बर्ड फ्लू सापडला, तर इकडेही दोन-तीन आठवडे अंड्याला कुणी हात लावेना. मुलगा आता आठवड्याचे पाच दिवस एका हॉटेलात कामाला जातो.

बदललं ते एवढं. पत्र्याचा झाकणवाला पिंप आला आणि तो घराच्या मागच्या पडवीत, तबेल्यापासून भिंत मध्ये ठेवून. औषध घातलेलं खाद्य आवारात आणायचंच नाही. पिल्लांना हगवण लागली तर पाण्यातून अँप्रोलियम, जे घोड्याच्या बाबतीत तसं घातक नाही, आणि त्याआधी कोरडं तूस. जूनला चंदी बंद करायची ती दहा-बारा दिवसांत उतरवत. मानमोडीच्या लसीची बाटली शंभर पक्ष्यांची येते आणि उघडली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून पूर्वी काकी ती आणायच्याच नाहीत. आता वाडीतल्या सहा घरांनी दिवस ठरवला आहे. मी बर्फाच्या थर्मासमधून बाटली आणते आणि बायका ओळीने पिल्लं धरतात, एका डोळ्यात एक थेंब. पिल्लू डोळा मिटून थेंब आत घेईपर्यंत सोडायचं नाही, हे काकी आता इतरांना शिकवतात. माझ्या पिशवीत घोडे असलेल्या प्रत्येक घरासाठी एक छापील कागद असतो, त्यावर तीन औषधांची नावं मोठ्या मराठी अक्षरांत, गोणीवरची चिठ्ठी कुणाकडून तरी वाचून घ्या असं सांगणारा. रायगडच्या किनाऱ्यावर घोडे आणि कोंबड्या एकत्र असलेली घरं थोडीथोडकी नाहीत, आणि मला ती सगळी माहीत नाहीत, म्हणूनही हे लिहिते आहे.

मागच्या फेरीला राणी वाडीत पोफळीच्या सावलीला उभी होती, पायांत सात-आठ कोंबड्या लीद उकरत. छाती ऐकली: ४२. काकींनी वही आणली. 'घोडं' या बाजूला बादलचंच पान राहिलं आहे. राणीचं पान त्यांनी मधल्या कोऱ्या पानांत काढलंय, डावीकडे खर्च, उजवीकडे जमा. जमेच्या बाजूला त्यांनी रकाना आखला आहे, आणि पहिल्या ओळीत लिहिलंय, 'लीद, माडांना, ३ पाट्या रोज.'